गोष्ट कुठून सुरू करायची?

मागल्या साली कापूस वेचणीच्या दिवसांत आर्वीतली तीन पोरं संध्याकाळी माझ्या घरी आली. कॉलेजात शिकणारी. एका लघुपट स्पर्धेसाठी त्यांना पाच मिनिटांची फिल्म करायची होती. कॅमेरा म्हणजे मोबाइल, दिवा म्हणजे सूर्य आणि नट म्हणजे त्यांच्यातल्याच एकाचा मामा. अडलं होतं ते लेखकापाशी. मी कविता लिहितो एवढं गावाला ठाऊक आहे, आणि कविता लिहिणाऱ्याला सगळंच लिहिता येतं अशी गावाची समजूत आहे. "चाचा, ष्टोरी तं तयार हाय, तुमी फक्त लिहून द्या," त्यातला मोठा म्हणाला.

गोष्ट शेतकऱ्याच्या आत्महत्येची होती. पहिलं दृश्य त्यांच्या मनात पक्कं होतं. पहाटेचं धुकं, धुऱ्यावरचं लिंबाचं झाड, झाडाखाली पडलेल्या चपला. मग बायकोचा हंबरडा, मग कर्जाचे कागद, मग पुढाऱ्याची गाडी आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक आकडा. मी विचारलं, "त्या माणसानं त्या दिवशी सकाळी काय केलं होतं?" दोघं एकमेकांकडे पाहू लागले. आल्यापासून गप्प बसलेला तिसरा खाली पाहत म्हणाला, "रेडिओचे सेल उन्हात ठेवले होते." थोड्या वेळानं त्यानंच पुढं सांगितलं, "माहे काका होते ते."

पडद्यावरची गोष्ट कुठून सुरू करायची आणि कुठं थांबवायची, हा प्रश्न वरवर पाहता कारागिरीचा वाटतो. त्या संध्याकाळी मला तो न्यायाचा प्रश्न वाटला. आपल्या मराठी माणसांनी शंभरहून अधिक वर्षं या प्रश्नाशी झटापट केली आहे. त्या झटापटीचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडतो.

सुरुवात वाटाण्याच्या एका दाण्यापासून करावी लागेल. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट पाहून झपाटले आणि १९१२ साली लंडनला गेले. तिथं सेसिल हेपवर्थ या चित्रपट निर्मात्याकडे त्यांनी हे तंत्र पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि परत आले. कॅमेरा आला, पण पैसा नव्हता. ज्यांच्याकडून कर्ज मिळवायचं त्यांचा विश्वास बसायला हवा होता. दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर पाहणाऱ्याला दिसलं ते असं, की माती हलते आहे, अंकूर डोकं वर काढतो आहे आणि बघता बघता त्याचा वेल होतो आहे. कित्येक दिवसांचं काम काही क्षणांत. कर्ज मिळालं.

आमच्या भागातल्या कुणालाही या वाटाण्याचं महत्त्व सांगावं लागू नये. पेरल्यापासून उगवेपर्यंतचे दिवस शेतकरी एकेक मोजतो. दादासाहेबांनी ते दिवस काढून टाकले नाहीत. प्रत्येक दिवसातला एक कण ठेवला आणि बाकीचं वगळलं. पडद्यावरच्या गोष्टीची रचना म्हणतात ती मुळात एवढीच. आयुष्य लांब असतं, पडदा थोडा वेळ मिळतो. काय ठेवायचं, काय सोडायचं आणि जे ठेवलं ते कोणत्या क्रमानं लावायचं, या तीन निर्णयांना आज आपण पटकथा म्हणतो.

३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेबांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. सुमारे ३,७०० फुटांचा, चार रिळांचा मूकपट. हरिश्चंद्राची कथा प्रेक्षकांतल्या म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ. राज्य जाणार, बायको-पोर विकले जाणार, रोहिदास साप चावून मरणार, तारामती स्मशानात येणार. पुढं काय होणार ही उत्सुकता शिल्लक नसताना लोकांना धरून ठेवायचं कशानं? आज जी रिळं पाहायला मिळतात त्यांत चित्रपटाची सुरुवात पाहा. राजा आपल्या मुलाला धनुष्यबाण चालवायला शिकवतो आहे, राणी शेजारी आहे. एका बापाच्या घरातली सकाळ. स्मशान खूप पुढं आहे. तारामतीचं काम अण्णा साळुंखे या पुरुषानं केलं होतं, चित्रण आजच्या मानानं अगदी साधं होतं, पण क्रम बरोबर होता. आधी घर, मग स्मशान. घर पाहिल्याशिवाय स्मशान समजत नाही.

दादासाहेबांनंतर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचं नाव घ्यावं लागतं. मूळचे चित्रकार. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता म्हणून कोल्हापुरातच कॅमेरा घडवणारा हा माणूस. दृश्य चित्रित करण्याआधी ते कागदावर काढून ठेवत, पोशाख, हालचाली, पात्रांची ठेवण, सगळं. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' केला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कपटानं एका शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात येऊन गिरणी कामगार होतो. शेतकऱ्याचं काम केलं होतं तरुण व्ही. शांताराम यांनी. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या चित्रपटांच्या त्या काळात साध्या कुणब्याचं घर पडद्यावर आलं. दख्खनचे दंगे १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याहून सुरू झाले होते. शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले होते. त्यानंतर पन्नास वर्षांनी ती वेदना आपल्या पडद्यापर्यंत पोचली.

निर्माते जे.बी.एच. वाडिया यांनी हा मूकपट पाहिला होता. पुढं कित्येक वर्षांनी त्यांच्या आठवणीत उरलं होतं ते अंधुक उजेडातलं एक झोपडं आणि रडणारं एक कुत्रं. कागदावरचा अंगठा किंवा जमिनीचा लिलाव त्यांच्या मनात राहिला नाही, झोपडं राहिलं. मला या चित्रपटातलं आणखी एक महत्त्वाचं वाटतं. जमीन गेली तिथं ही गोष्ट संपत नाही. ती त्या माणसाच्या पाठोपाठ शहरात जाते, गिरणीच्या दारापर्यंत जाते. हरलेल्या माणसाला अर्ध्या वाटेवर सोडून न देणं, हाही रचनेचाच भाग आहे.

पेंटर यांच्याच तालमीत तयार झालेली माणसं १९२९ साली बाहेर पडली आणि त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ साली प्रभात पुण्याला आली. या कंपनीनं १९३६ साली 'संत तुकाराम' काढला. दिग्दर्शक दोन. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. फत्तेलालांना सगळे साहेबमामा म्हणत. कोल्हापूरजवळच्या कागलचा हा मुसलमान कलावंत, मूळचा चित्रकार, प्रभातच्या नेपथ्याचा कर्ताधर्ता. देहूचं घर, इंद्रायणीचा काठ, विठोबाचं देऊळ हे सारं त्यांच्या नजरेतून उभं राहिलं. याच जोडीनं पुढं १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' केला. मराठीत लिहिणारा मुसलमान म्हणून मला अनेकदा विचारतात, तुम्ही मराठीत कसे काय? अशा वेळी मी साहेबमामांचं नाव सांगतो आणि विषय बदलतो.

'संत तुकाराम'ची पटकथा शिवराम वाशीकर यांची. तुकोबांची कथाही सर्वांना ठाऊक. वाशीकरांपुढे चमत्कारांची मोठी रांग होती. वह्या इंद्रायणीत बुडतात आणि तरतात, शेवटी वैकुंठाचं विमान येतं. नुसते चमत्कार एकापुढं एक लावले असते तर ते जत्रेतलं चित्रांचं खोकं झालं असतं. वाशीकरांनी एक युक्ती केली. दर चमत्कारानंतर गोष्ट परत चुलीपाशी आणली. तिथं जिजाई आहे. तिची म्हैस आहे, आजारी लेकरू आहे, रिकामं मडकं आहे आणि नवऱ्याच्या देवावर तिचा मनापासून राग आहे. लेकरू आजारी पडतं तेव्हा ती पायातली वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. गौरी नावाच्या नटीनं हे काम असं केलं आहे की तुकोबांइतकीच ती लक्षात राहते. दुसरीकडे सालोमालो आहे, तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा. चूल, देऊळ आणि सालोमालोचा वाडा, या तीन जागांमध्ये सगळा चित्रपट फिरतो.

आणि शेवट? तुकोबा वैकुंठाला निघतात, बायकोलाही बोलावतात. ती जात नाही. तिला लेकरांच्या भाकरीची काळजी आहे. विमान वर जातं आणि ती खाली, पृथ्वीवर राहते. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं बीजाविषयीचं एक पद लोकांना तुकोबांचाच अभंग वाटलं. अजूनही अनेकांना वाटतं.

ही रचना वाशीकरांना कुठून मिळाली असेल? माझा तर्क असा की ती कीर्तनातून आली असावी. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा अभंग घेतात आणि त्याचं निरूपण करतात. मग क्षणभर विसावा. बुवांच्या गळ्यात हार पडतो, बुक्का लागतो. त्यानंतर उत्तररंगात त्याच निरूपणाला धरून आख्यान रंगतं. म्हणजे आधी विचार, मग तो विचार अंगावर घेणारा माणूस. आपल्या चित्रपटात मध्यंतर आलं ते चहा-चिवड्यासाठी असं लोक म्हणतात. पण मध्यंतराआधी एक गाठ मारायची आणि नंतर ती सोडवायची, ही सवय आपल्या कानांना त्याआधीच होती.

अमेरिकेत सिड फील्ड नावाच्या शिक्षकानं १९७९ साली पटकथेवर एक पुस्तक लिहिलं. दोन तासांच्या चित्रपटाचे त्यानं तीन भाग पाडले. पहिल्या अर्ध्या तासात माणसं आणि अडचण, मधल्या तासात संघर्ष, शेवटच्या अर्ध्या तासात निकाल. जगभर हा आराखडा शिकवला गेला आणि तो टाकाऊ नाही. सुरुवात, मध्य आणि शेवट हवा, हे तर ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं कधीच सांगून ठेवलं होतं. पण आराखडा सांगतो ते वळण कितव्या मिनिटाला घ्यायचं एवढंच. वळणावर कोण उभं आहे, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

मी लहानपणापासून आणखी एक रचना ऐकत आलो. मोहरमच्या दिवसांत आमच्याकडे मर्सिया वाचला जाई. मर्सिया म्हणजे करबलाच्या रणात इ.स. ६८० साली शहीद झालेल्या इमाम हुसेन यांचं शोककाव्य. एकोणिसाव्या शतकात लखनऊच्या मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांनी त्याला उंचीवर नेलं. त्याचे ठरलेले टप्पे असतात. आधी चेहरा, म्हणजे प्रस्तावना. मग सरापा, म्हणजे वीराच्या रूपाचं वर्णन. मग रुखसत, म्हणजे घरच्यांचा निरोप. मग आमद, तो रणात येतो. मग रजज, तो स्वतःची ओळख सांगतो. मग जंग. आणि त्यानंतर, सातव्या टप्प्यावर, शहादत. शेवटी बैन, म्हणजे विलाप.

ऐकणाऱ्या प्रत्येकाला शेवट ठाऊक असतो. तरीही मृत्यू सातव्या ठिकाणी येतो. त्याआधी त्या माणसाचा चेहरा, त्याचा घरच्यांशी निरोप, त्याचं स्वतःच्या तोंडून सांगितलेलं नाव. मी पोरांना हे टप्पे बोटांवर मोजून दाखवले. त्यांची फिल्म सातव्या टप्प्यावर सुरू होत होती आणि आठव्यावर संपत होती. पहिले सहा त्यांनी गाळून टाकले होते. माणूस त्या सहांतच होता.

एकाच दृश्याचा अर्थ शेजारच्या दृश्यावरून कसा बदलतो, हे रशियाच्या लेव्ह कुलेशोव यानं १९२० च्या सुमारास दाखवलं. एका नटाचा एकच कोरा चेहरा. त्यानंतर सूपचं भांडं दाखवलं तर लोकांना चेहरा भुकेला वाटला, शवपेटी दाखवली तर दुःखी वाटला. चेहरा तोच होता. आता आपल्या शेतकऱ्याचा चेहरा घ्या. त्यापुढं दोरी दाखवली तर तो बिचारा होतो. त्यापुढं उन्हात ठेवलेले रेडिओचे सेल दाखवले तर तो संध्याकाळच्या बातम्यांची वाट पाहणारा कुणाचा तरी काका होतो.

प्रभातचीच आणखी दोन उदाहरणं इथं आठवतात. १९३७ सालचा शांताराम यांचा 'कुंकू'. जरठ-बाला विवाहाची गोष्ट. ही कथाही नारायण हरी आपट्यांची. याचा शेवट म्हाताऱ्या नवऱ्याच्या आत्महत्येनं होतो. पण चित्रपट आहे नीरेचा. त्या लग्नाला मान न तुकवणाऱ्या मुलीचा. मृत्यू येतो तोवर आपण तिच्याबरोबर त्या घरात राहिलेलो असतो, भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे ठोके ऐकलेले असतात, आणि त्या म्हाताऱ्याचं मनही पालटताना पाहिलेलं असतं.

दुसरा १९४१ सालचा 'शेजारी'. कथा विश्राम बेडेकर यांची. हिंदू आणि मुसलमान असे दोन जिवलग शेजारी. गावात धरण बांधायला माणसं येतात, जमिनीचा प्रश्न येतो, संशय पेरला जातो आणि मैत्री तुटते. शेवटी धरण फुटतं आणि दोघं एकमेकांचे हात धरून जातात. याच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'मध्ये, मुसलमान मिर्झाचं काम गजानन जागीरदारांनी केलं आणि हिंदू ठाकूरचं काम मजहर खान यांनी. मैत्री तुटण्याची गोष्ट सांगायची तर आधी ती अखंड कशी होती ते दाखवावं लागतं, हे या चित्रपटाला माहीत होतं. दोन जातींतल्या भांडणाच्या बातम्या आपण रोज वाचतो. त्या भांडणापासूनच सुरू होतात. आधीची शेजारपणाची वर्षं कुणी छापत नाही.

बातमीला मी दोष देत नाही. बातमीची रचनाच तशी असते, सगळ्यात मोठं ते आधी. ती शेवटापासून सुरू होते, कारण वाचणाऱ्याला वेळ नसतो. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह आमच्याच वर्धा जिल्ह्यात, पवनारजवळ, जीवन संपवलं. शेतकरी आत्महत्यांची चर्चा होते तेव्हा ही घटना पहिली म्हणून सांगतात. दर वर्षी १९ मार्चला अनेक जण एक दिवस अन्नत्याग करून तिचं स्मरण करतात. घटना सर्वांना माहीत आहे. करपे गावाचे सरपंच होते, संगीत जाणणारे होते, हे त्या मानानं फार थोड्यांना माहीत आहे. गळ्यात सूर असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी सुरू होऊ शकली असती.

विदर्भाच्या या दुःखावर २००९ साली सतीश मनवर यांनी 'गाभ्रीचा पाऊस' केला. गिरीश कुलकर्णी यात किसना झाले आहेत आणि सोनाली कुलकर्णी त्याची बायको अलका. गावातल्या एका शेतकऱ्यानं आत्महत्या केलेली आहे. इथवर तुम्ही म्हणाल, हीसुद्धा मरणानंच सुरुवात झाली. पण मनवर तिथून जिवंत माणसांकडे वळतात. अलकेच्या मनात भीती बसते की आपलाही नवरा असंच काही करेल. ती त्याला एकटं सोडत नाही, लेकराला त्याच्या मागं पाठवते. बाप शेतात निघाला की पोरगं मागं. पाऊस लांबतो, बियाणं वाया जातं, पुन्हा पेरणी करावी लागते. या सगळ्यात थिएटरात हसू येतं आणि हसता हसता घशाशी अडकतं. मरणाची गोष्ट इथं राखण करणाऱ्या बाईची गोष्ट झाली आहे. आमच्या गावागावांत अशा अलका आहेत. त्यांच्यावर बातमी होत नाही, कारण त्यांच्या घरी अजून काही घडलेलं नसतं.

म्हणजे मृत्यू पहिल्या दृश्यात घेऊच नये, असा नियम मी सांगत नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा 'कोर्ट' पाहा. एका गटार सफाई कामगाराचा मृत्यू झाला आहे, आणि लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळं त्यानं आत्महत्या केली असा आरोप आहे. तो कामगार पडद्यावर एकदाही दिसत नाही. पण त्याची बायको साक्षीला येते आणि साध्या शब्दांत सांगते की त्याला कामावर संरक्षणाची साधनं मिळत नव्हती. तेवढ्यानं तो माणूस आपल्यापुढं उभा राहतो. त्यानंतर कॅमेरा वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकील बाईंच्या घरी जातो, शेवटी सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशापाशी थांबतो. गोष्ट कुणाजवळ संपवली यावरून उत्तरदायी कोण, हे बोट न दाखवता कळतं. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. तोपर्यंत आपण त्याचं चिमणीच्या मागं धावणं पाहिलेलं असतं, त्याचं प्रेम पाहिलेलं असतं, म्हणून तो दगड आपल्याला लागतो. हाच दगड पहिल्या दृश्यात आला असता तर आपण नुसते बाजूला झालो असतो.

आता काळ मोबाइलचा आहे. पोरांचा मुद्दा मला पटला नाही तरी समजला. "चाचा, पयल्या तीन सेकंदात नाही धरलं तं लोक बोटानं वर सरकवून देतात," मोठा म्हणाला. खरं आहे. दादासाहेबांच्या प्रेक्षकानं तिकीट काढलेलं असे, तो उठून जात नसे. आजच्या प्रेक्षकाचं बोट पडद्यावरच असतं. म्हणून धक्का आधी द्यावासा वाटतो. पण धक्क्यानं बोट थांबतं, मन थांबतंच असं नाही. आणि विदर्भाचे धक्के लोकांनी इतके पाहिले आहेत की झाडाखालच्या चपला दिसल्या की पुढचं सगळं त्यांना ठाऊक असतं. भिंतीवर कुणी चार जुने सेल ओळीनं का मांडतं आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नसतं. ते पाहायला माणूस तीन सेकंद थांबेल, असं मी म्हटलं.

त्या तिघांत दोन दिवस वाद झाला. मी लिहून दिलं नाही; त्यांनाच लिहायला लावलं. माझ्याकडून एवढंच घेतलं की दर दृश्यासाठी वहीचं एक पान करा आणि पानं जमिनीवर पसरून क्रम लावून पाहा. चपलांचं पान पहिलं होतं ते आधी पाचव्या जागी गेलं, मग नवव्या आणि शेवटी वहीत परत ठेवलं गेलं. आकड्याचं पान तिसऱ्यानं स्वतः फाडलं. तो म्हणाला, काका आकडा नव्हते. मोठ्याला ते आवडलं नाही, आकड्यानं वजन येतं असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. शेवटी पोराचंच ऐकलं गेलं, कारण घर त्याचं होतं.

झालेली फिल्म साडेचार मिनिटांची आहे. एक हात रेडिओचं झाकण काढतो, सेल काढतो, भिंतीवर उन्हात ठेवतो. मग त्या माणसाचा दिवस. बैलाच्या खांद्यावरची जखम धुणं, बाजार समितीतून आलेल्या भावाच्या चिठ्ठीकडे दोनदा पाहणं, पुतण्याच्या सायकलीत हवा भरून देणं. शेवटी संध्याकाळ होते. सेल भिंतीवरच आहेत आणि ते उचलायला कुणी येत नाही. स्पर्धेत तिला काही मिळालं नाही.

स्पर्धेनंतर त्या मुलानं ती आपल्या काकूला दाखवली. त्यानं हे मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, काय म्हणाल्या? त्यानं सांगितलं, तिनं मोबाइल हातात धरून दोनदा पाहिली. मग म्हणाली, "ते सेल भितीवर नव्हते ठेवत रे. न्हाणीच्या टिनावर ठेवत. टीन तपते ना लवकर." दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं पुन्हा कॅमेरा घेऊन गेली आणि तेवढं एक दृश्य त्यांनी टिनावर घेतलं.